आधी टाकी, मग विहीर: माझा उलटा कारभार

मळ्यात घर बांधायला काढलं तेव्हा मी आधी संडासाची टाकी खणून घेतली. शेजारच्या शेतात जेसीबी आलेलाच होता, गवंडी रिकामा होता. विहिरीचं मग बघू म्हटलं.

आमचं शेत तापीच्या दक्षिणेला. वर चार-पाच फूट काळी, खाली मुरूम, मग पाषाण. रावेरकडचा मामेभाऊ केळीपायी गाळाच्या जमिनीत बोअर खोल खोल नेत बसतो. आमच्याकडे पाणी खडकाच्या भेगांत, लागलं तर लागलं. पाणाड्यानं तळहातावर नारळ घेऊन शेत पालथं घातलं. नारळ उभा राहिला तो नेमका टाकीच्या खालच्या अंगाला. बांधावरून चाललेले शेजारचे नाना थांबले.

"काय करी राह्यना रे भो? तुन्हा संडासनं पानी तुन्हीच हिरमां ई ना!" म्हणजे माझ्या संडासचं पाणी माझ्याच विहिरीत येणार.

मी हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांनी घराच्या परवानगीसाठी नकाशा घेऊन ग्रामपंचायतीत गेलो, तर तिथे बसलेल्या कनिष्ठ अभियंत्यांनी तेच विचारलं, फक्त पुस्तकी भाषेत. टाकी दाखवलीत, टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठे जातं?

खरं सांगायचं तर टाकीत सगळं 'साफ' होतं असा माझा समज होता. तसं नसतं. टाकीत गाळ खाली बसतो, थोडाफार कुजतो. बाहेर येणारं पाणी घाणच असतं आणि ते शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. अंतर मोजायचं ते त्या खड्ड्यापासून. भारतीय मानक २४७० प्रमाणे पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, राहत्या घरापासून ६. आम्ही टेप लावला. नारळाची जागा ११ मीटरवर! वर साहेब म्हणाले, "हे १८ मातीसाठी. तुमच्याकडे भेगाळ खडक. त्यात पाणी गाळलं जात नाही, सरळ पळतं."

शोषखड्डाही नापास झाला. मी तो काळ्या मातीतच संपवला होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी पीत नाही. मुरुमापर्यंत खोल करून विटांचे तुकडे आणि वाळू भरली. हे सगळं बारा महिने आधी कळलं असतं तर एक जेसीबी वाचला असता.

मग विहिरीचा कागद. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत खोदायचं तर वरून परवानगी लागते. १९९३ च्या कायद्यात हे होतं, २००९ च्या भूजल कायद्यातही आहे. आमच्या नळयोजनेची विहीर नाल्याकाठी. तलाठी तात्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात कोणी म्हणत नाही) नजरेनं म्हणाले, साडेचारशे भरेल. मोजलं तर ४६०. अर्ज करून वाट बघायची, की जागा सोडायची? एका कार्यालयात दोन खेटे झाले. दोन्ही वेळा "साहेब फिरतीवर आहेत". मी जागा सोडली. शेताच्या वरच्या कोपऱ्यात गेलं की ५०० ओलांडतात आणि शोषखड्डाही खालच्या अंगाला, चांगला लांब राहतो. एका टेपनं दोन्ही प्रश्न सुटले, फक्त पाणाड्या नाराज झाला. त्याची दक्षिणा मी परत मागितली नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कोणत्याही सरकारी टेबलावर गेला नाही. गट सामायिक, सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव. ती सुरतेला, उधन्यात. संमतीवर सही हवी, तिला सुट्टी नाही. शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा झोक्यावरून उतरवून सही घेतली. "वाटा मागत नाही रे, पण पहिली बादली मला," म्हणाली.

पावसाला महिना उरला होता. दगड-माती वर ओढायला यारी लावली, सुरुंगाचं काम परवानाधारकाकडूनच केलं, ५२ फुटांवर झरा लागला. वरच्या कोपऱ्याला खोली जास्त लागली, ती किंमत मोजलीच. पाण्याची बाटली भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिली आहे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद अजून व्हायची. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस बुधवारी संपतात, गुरुवारी सकाळी तात्यांकडे जायचं आहे.