फुग्याला कॉइल, कॉइलला स्टेंट, स्टेंटला गोळी

डोक्यातल्या शिरेला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, रिपोर्टवर 'लार्ज' लिहिलेला असला तर तो 10 मिलिमीटरच्या पुढचा. 25 च्या पुढे गेला की 'जायंट'. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडचे लोक असा रिपोर्ट घेऊन आले की पहिला प्रश्न ठरलेला: "डोकं उघडायला लागतंय काय हो?" बऱ्याच जणांना नाही लागत. जांघेतल्या किंवा मनगटातल्या शिरेतून नळी घालून काम होतं. पण भोकातनं होतंय म्हणजे बारकं काम, हा समज तेवढा काढून टाकायला हवा.

आधी आकाराचा हिशेब. 12 मिलिमीटरचा गोल फुगा म्हणजे 0.9 मिलिलिटर, चहाच्या पाव चमच्याहूनही कमी. तो भरायला प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, वापरतात; ही तार पाव मिलिमीटर जाड. फुग्याची चौथाई जागा जरी तारेने भरायची म्हटली तरी साडेचार मीटर तार लागते, म्हणजे दहा-पंधरा कॉइल. फुगा 24 मिलिमीटरचा असेल तर व्यास दुप्पट, पण घनफळ आठपट. तार छत्तीस मीटरांवर जाते. जाड तारेच्या कॉइल वापरल्या तर आकडा उतरतो, पण प्रमाण तेच राहतं. म्हणून 'इतक्या कॉइल लागतील' असं छातीठोक कोटेशन मोठ्या फुग्याच्या बाबतीत कुणी दिलं तर तो अंदाज समजावा. नेमकी संख्या टेबलावरच कळते.

आणि एवढं करूनही तीन भाग जागा मोकळीच असते. तिथे रक्त गोठतं, ती गुठळी घट्ट होते, आणि फुगा बंद होतो तो त्या गुठळीने. प्लॅटिनम फक्त रक्ताचा जोर मोडतं.

खरी अडचण तोंडाशी असते. तांब्यात भरलेले शेंगदाणे तांब्या हलवला तरी आत राहतात, पसरट वाटीतले सांडतात. फुग्याची मान, म्हणजे शिरेला जोडलेलं तोंड, 4 मिलिमीटर किंवा जास्त असली, किंवा फुग्याची रुंदी मानेच्या दुपटीपेक्षा कमी असली, तर तो वाटीच्या जातीचा. नुसती कॉइल घातली तर वेटोळं मुख्य शिरेत उतरतं, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघात होतो. म्हणून तोंडावरून निटिनॉल या मिश्रधातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट. मानेच्या दोन्ही बाजूंना किमान 4-5 मिलिमीटर चांगली शीर पकडायला हवी. मान 6 मिलिमीटर असेल तर 15-16 च्या खालचा स्टेंट चालत नाही, आणि शीर वळणाची असली तर आणखी लांब घ्यावा लागतो.

काम साधारण असं चालतं. पूर्ण भूल. जांघेत 6 फ्रेंचचा (साधारण 2 मिलिमीटरचा) शीथ, म्हणजे आत शिरायची बाहेरची नळी; त्यातून गळ्यातल्या धमनीपर्यंत गाइड कॅथेटर, म्हणजे वाट धरून ठेवणारी लांब नळी. सगळ्या नळ्यांतून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, घातलेलं सलाइन सतत चालू, कारण नळीत गुठळी धरता कामा नये आणि एक हवेचा बुडबुडाही मेंदूत जाता कामा नये. हेपरिन देऊन एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, 250 ते 300 सेकंदांत ठेवतात. मग वाफेवर टोक वाकवलेला मायक्रोकॅथेटर, म्हणजे अगदी बारीक नळी, आधी फुग्यात नेऊन ठेवायचा, दुसऱ्या नळीतून स्टेंट तोंडावर उघडायचा, म्हणजे पहिली नळी स्टेंट आणि शिरेची भिंत यांच्यामध्ये अडकून राहते. आता कॉइल: पहिली फुग्याच्या व्यासाएवढ्या वेटोळ्याची, ती पिंजरा बनवते. पुढच्या 10, 8, 6 मिलिमीटर अशा लहान होत जातात, शेवटच्या अगदी मऊ. प्रत्येक कॉइल नीट बसली हे पाहूनच सोडायची; बऱ्याच कॉइल विजेच्या हलक्या प्रवाहाने सांध्यावर तुटतात. एकदा सुटली की परत ओढणं अवघड.

बिघडतं कुठे? कॉइल ढकलताना मायक्रोकॅथेटर मागे फेकला जातो. कधी वळणावर स्टेंट पुरता उघडत नाही आणि भिंतीपासून सुटा राहतो; गुठळी धरायला तेवढी जागा पुरते. सगळ्यात धास्तीचा प्रकार म्हणजे नळीचं टोक भिंतीतून बाहेर जाणं. तेव्हा घाबरून नळी मागे ओढायची नाही. भोकावर तीच बूच असते. प्रोटामिन देऊन हेपरिन उतरवायचं, शिरेत रक्त अडवायला घातलेला बलून असेल तर फुगवायचा, आणि त्याच नळीतून कॉइल घालत भोक बुजवत मागे यायचं.

जायंट फुग्यात अर्धा भाग जुन्या गुठळीने भरलेला असू शकतो. डीएसएमध्ये, म्हणजे शिरेत डाय सोडून काढलेल्या एक्स-रे चित्रात, फक्त वाहतं रक्त दिसतं, म्हणून फुगा लहान वाटतो. खरा आकार एमआरआयवर कळतो. अशा मऊ गुठळीत कॉइल हळूहळू रुतते आणि वर्षभरात तोंड पुन्हा उघडतं. तिथे दाट विणीचा फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारा स्टेंट, एकटा किंवा थोड्या कॉइलसोबत, हा आमच्या मते जास्त सरळ मार्ग. 2011 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'पाइपलाइन' नावाच्या फ्लो डायव्हर्टरची जाळी 48 तारांची असते आणि मानेचा तीसेक टक्के भाग झाकते. फुगा लगेच बंद होत नाही, महिने लागतात. मधल्या काळात तो सुजून डोकेदुखी वाढते किंवा पापणी आणखी खाली येते. स्टेरॉइड त्यासाठीच देतात.

आता गोळ्या. शिरेत परका धातू बसला की प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणारे रक्तातले कण, त्याला चिकटणारच. म्हणून ठरवून केलेल्या कामात पाच-सात दिवस आधीपासून अ‍ॅस्पिरिन आणि रोज 75 मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल. आपल्याकडे क्लोपिडोग्रेल लागू न पडणारे लोक कमी नाहीत. शरीरात ती गोळी चालू करणारं एन्झाइमच काहींचं मंद असतं. रक्ताची प्लेटलेट चाचणी करून तपासता येतं, आणि नाहीच लागू पडली तर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. आम्लपित्तासाठी गावच्या दुकानातून आणलेली ओमेप्राझोल त्या एन्झाइमला आणखी अडवते, पँटोप्राझोल बरी. फुटलेल्या फुग्यात हेच गणित उलटं होतं: डोक्यात पाणी साचलं तर नळी घालावी लागते आणि या गोळ्यांवर रक्त थांबत नाही. म्हणून तेव्हा शक्यतो स्टेंट टाळून बलूनच्या आधाराने कॉइल घालतात, उरलेलं नंतर.

क्लोपिडोग्रेल साधारण तीन ते सहा महिने, अ‍ॅस्पिरिन त्यानंतरही लांब. घात होतो तो घरी आल्यावर. दात काढायचा म्हणून, उपास म्हणून, किंवा "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद होते आणि चांगला बसलेला स्टेंट आठवड्यात बुजतो. दाताचा डॉक्टर बंद करा म्हणाला तरी आधी स्टेंट घातलेल्या डॉक्टरला फोन. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर कोल्हापूरला न्यायचं की बेळगावला यावर घरात चर्चा नको. 108 आणि जवळचा सीटी असलेला दवाखाना. बिडी मात्र त्याच दिवशी बंद. निपाणीच्या तंबाखूचा कितीही अभिमान असो, फुगा धरायला आणि फुटायला धूर आणि बीपी हीच हातातली दोन मोठी कारणं.

सहा महिन्यांनी डीएसए किंवा एमआर अँजिओ (एमआरआयवर काढलेलं शिरांचं चित्र), मग पुढे वर्षा-दोन वर्षांनी. मोठ्या फुग्यात कॉइल दबून तोंड पुन्हा उघडणं नवल नाही, तेव्हा ही तारीख चुकवू नये. आरोग्य कर्नाटकचं कार्ड असेल तर आपली प्रक्रिया त्यात बसते का हे भरती होण्याआधी विचारावं. मिरज-कोल्हापूरला जायचं असेल तर तिथे ते चालतं का हा वेगळा प्रश्न. डिस्चार्जच्या कागदांत स्टेंट आणि कॉइलचे स्टिकर लावलेलं इम्प्लांट कार्ड असतं. त्याचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा: पुढे गुडघ्याचा एमआरआय करायची वेळ आली तरी टेक्निशियन आधी तेच मागतो.