कोटा भारू: पर्ल हार्बरच्या आधीचा किनारा

मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाला, थायलंडच्या हद्दीजवळ कोटा भारू आहे. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायच्या तासभर आधी जपानी सैन्य इथे उतरलं. स्थानिक तारीख ८ डिसेंबर १९४१, वेळ मध्यरात्रीनंतरची. समोर बंकरमध्ये होते आपले लोक: ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या १७व्या डोग्रा रेजिमेंटची तिसरी पलटण. खवळलेल्या समुद्रात जपान्यांच्या होड्या उलटल्या, ऑस्ट्रेलियन हडसन विमानांनी ‘अवाजीसान मारू’ हे जपानी जहाज पेटवलं, तरी दिवस मावळेपर्यंत विमानतळ हातचा गेला. मला तरी शाळेत यातलं अक्षरही शिकवलं नव्हतं.

जपान्यांना हवा होता तो पेंगकालान चेपाचा विमानतळ. क्वालालंपूरहून तासाभरात तुमचं विमान उतरतं तेही तिथेच, म्हणजे दर्शन सामान उचलायच्या आधीच सुरू! तिथून पांताई साबाक हा किनारा अगदी जवळ. गाडी ॲपवरून मागवा आणि तीच थांबवून घ्या, परतीची लवकर मिळत नाही. भव्य स्मारकाची अपेक्षा मात्र नको. १९४१ची वाळू बरीचशी समुद्राने गिळली आहे. आधी लढाईचा नकाशा नजरेखालून घाला, नाहीतर ‘एवढंच?’ म्हणून परत याल.

खरा वेळ द्यायचा तो गावातल्या बँक केरापू युद्धसंग्रहालयाला. १९१२ची ही इमारत मर्कंटाइल बँक ऑफ इंडियाची. या बँकेचं मूळ आपल्या मुंबईतलं, १८५३चं! जपानी अंमलात इथे केम्पेताई, म्हणजे त्यांच्या लष्करी पोलिसांचं ठाणं होतं. छायाचित्रं, शस्त्रं सावकाश बघा. जवळच सिती खदिजा बाजार आहे, तिथला निळा भात (नासी केराबू) जरूर खा. शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात मासळी असते.

शुक्रवारी जाऊ नका. कोटा भारू ज्या केलांतान राज्यात आहे, त्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते आणि शुक्रवारी संग्रहालयं बंद. नोव्हेंबर ते जानेवारी मुसळधार पाऊस आणि पूर. लढाईची तारीख गाठायचा मोह आवरा, मार्च-एप्रिल बरा.

मृतदेह न सापडलेल्या सैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत, तेव्हा परतीचं तिकीट सिंगापूरहून काढा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर रेजिमेंटनुसार शोधून स्तंभाचा क्रमांक आधीच टिपून ठेवा. चोवीस हजारांवर नावं आहेत.