नव्या ट्रेनींना ओळखी वाढवायला शिकवताना

लिंक्डइनवर धडाधड रिक्वेस्ट पाठवल्या की झालं नेटवर्किंग, ही समजूत आधी मोडावी लागते. नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा जुजबी ओळखीतून जास्त येते, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलंय.

म्हणून सराव अनोळखी सीनियरला मेल लिहिण्याचा घ्यावा. चार-पाच ओळी: मी कोण, तुम्हालाच का लिहितोय, एकच नेमका प्रश्न, वीस मिनिटांच्या भेटीची विनंती. नुसतं ‘कृपया मार्गदर्शन करावे’ लिहिलं की उत्तर येत नाही. द्यायचं काय तेच समोरच्याला कळत नाही. सीव्ही जोडू नये, थेट नोकरी मागितल्यासारखं वाटतं.

भेटीनंतर दुसऱ्या दिवशी आभार बहुतेक जण मानतात. खरी गळती पुढे. ‘तुम्ही सुचवलेलं करून पाहिलं, असं झालं’ हा महिन्याभराने द्यायचा निरोप राहून जातो, आळसापेक्षा संकोचानेच. त्यासाठी पुन्हा अर्ध्या तासाचं सत्र ठेवून तो तिथेच लिहून घ्यावा.