पांडवलेणी नंबराने पाहू नका

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या पायऱ्या चढून पांडवलेण्यांत आलेले बहुतेक लोक तीन नंबरच्या लेण्यात फोटो काढतात, वीस नंबरच्या बुद्धमूर्तींना नमस्कार करतात आणि उतरतात. लेण्यांचे नंबर पश्चिमेकडून पूर्वेकडे दिलेले आहेत, त्यांचा काळाशी संबंध नाही. कुणाला सोबत घेऊन फिरवायचं असेल तर १९, १८, १०, ३, १७, २० हा क्रम धरा. चालणं थोडं वाढतं, पण सातवाहन आणि शक या सत्तांची चढाओढ आपोआप उलगडते.

१९ वं चैत्याच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, म्हणजे १८ च्या) शेजारी, जरा खालच्या पातळीवर आहे, म्हणून चुकतं. सातवाहन राजा कृष्णाच्या काळातलं हे सर्वांत जुनं लेणं : जेमतेम सव्वाचौदा फुटांचं चौरस दालन आणि सहा खोल्या. १८ मधल्या स्तूपाला फेरी मारून सरळ १० गाठा.

इथे घाई नको. क्षहरात या शक घराण्यातला राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा मोठा लेख ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छताखालून धावतो. त्याने गोवर्धन या जवळच्या गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (संघाकडे) २००० कार्षापण (चांदीची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाच्या (पावसाळ्यातल्या मुक्कामाच्या) २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२, म्हणजे २४०च. हिशेब तिथेच करून दाखवा, शाळकरी मुलंही कान देतात. दुसऱ्या श्रेणीकडचे १००० दरमहा पाऊण टक्क्याने होते. याच लेण्यातला एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) म्हणजे ३५ कार्षापण हा दरही सांगायला हवा. आत मागच्या भिंतीवरच्या स्तूपाचा पुढे कुणीतरी भैरव केला.

लेख वाचताना विजेरी समोरून धरू नका, अक्षरं सपाट दिसतात. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका, म्हणजे खाचांत सावली पडते. अक्षरांत खडू किंवा पाणी भरायचं नाही, बोटंही फिरवायची नाहीत.

मग ३. खांबांची रचना १० वरूनच घेतलेली, पण तिथल्या घंटाकृती शीर्षांचा डौल इथे नाही. भरपाई म्हणून कठड्याखाली तुळया पेलणारे यक्ष आहेत. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा, तिचा नातू राजा पुळुमावी याच्या १९ व्या वर्षाचा लेख तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘शक-यवन-पल्हवांचा (पल्हव म्हणजे पार्थियन) नाश करणारा’ म्हणतो. हे वाक्य ऐकवून लगेच १७ कडे न्या : तिथला दाता इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा यवन म्हणवतो. धर्मदेवाचा मुलगा, धर्मरक्षिताचा बाप. या लेण्याला सर्रास ‘रोमन व्यापाऱ्याचं’ म्हटलं जातं, ते चूक. यवन म्हणजे मुळात ग्रीक वंशाचा, आणि या घरातली नावं तर पक्की इथलीच. आतलं गर्भगृह अर्धवट राहिलंय.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपलांनी चढू नका. ओसरीबाहेरच्या पाण्याच्या टाक्यांचे काठ ओलसर आणि उघडे आहेत, लहान मुलांना हाताशी धरा.

सत्तांच्या या चढाओढीची नाण्यांवरची बाजू लेण्यात दिसत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं, आणि बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा ठोकलेला. १० आणि ३ पाहून झाल्यावर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणे संग्रहालय गाठा, मात्र निघण्याआधी वेळ विचारून घ्या.