सिस्टर एवढ्या तुटक का बोलतात?

मी सांगलीत सिस्टर आहे हे कळलं की लग्नात, एसटीत, भाजी घेतानासुद्धा कुणीतरी विचारतंच, "तुम्ही सिस्टर लोक एवढं तुटक का बोलता हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सगळ्याच सिस्टर स्वभावाने गोड असतात असं मी म्हणणार नाही. पण या तुटकपणात भीतीचा वाटा मोठा आहे, आणि ती भीती आम्हाला वॉर्डातच लागली.

रात्रपाळीला समोर दिसते ती सिस्टर. बेड नाही, औषध बाहेरून आणायचंय, बिल वाढलंय, पेशंट दगावला, सगळ्याचा राग आधी तिच्यावर निघतो.

आमच्या वॉर्डात जतकडच्या एक आजी होत्या, कन्नड बोलणाऱ्या. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं होतं. अशा वेळी शीर बोटाला लागत नाही आणि लागली तरी सुई जाताच फुटते. माझ्याबरोबरची पंचविशीतली पोर मोडक्या कन्नडमध्ये आजींना धीर देत होती. दुसऱ्यांदा सुई टोचली आणि नातवाने तिच्या कानाखाली मारली. ट्रे खाली पडला. भोवतीच्या गर्दीतून कुणी पुढे आलं नाही. तिने आधी आजींच्या हातावर कापूस दाबून धरला, मग गालाला हात लावला.

पाळी संपायला अजून बरेच तास होते आणि साखरेच्या पेशंटना इन्सुलिन द्यायचं होतं. इन्सुलिनची बाटली एका मिलीत ४० युनिटची येते तशी १०० ची पण येते. सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट जातो. तिचा हात थरथरत होता, म्हणून सिरिंज मी घेतली. ती एकटी ड्युटीवर असती तर?

आता ती शीर अवघड दिसली की हात लावत नाही, डॉक्टरांची वाट बघते, तोवर सलाईन लांबतं. कॉटजवळ उभी राहते ती दाराकडे तोंड करून. कन्नड तर सोडाच, मराठीतही कामापुरतंच बोलते. मारणारा घरी गेला आणि भोगतोय पुढचा पेशंट, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

"मग तक्रार का नाही केली?" हाही प्रश्न ठरलेला. दवाखान्यातल्या लोकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. नर्सच काय, नर्सिंगच्या विद्यार्थिनीही त्यात येतात. गुन्हा अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. पण ठाण्यात तिनेच जायचं, रजा टाकून कोर्टात तिनेच उभं राहायचं, आणि वरचे म्हणणार, "मिटवून टाका." तेव्हाही मिटवलंच. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच्या रुग्णालयांना कळवलं, हल्ला झाला तर ६ तासांच्या आत एफआयआर करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. सांगली-मिरजेच्या लहानात लहान दवाखान्यातही मला हेच हवंय.

आणि तुमचा पेशंट ॲडमिट असेल तर विचारपूस करायला घरातला एकच माणूस ठरवा. पाळी बदलताना आमचा ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, चालू असतो, तेवढा वेळ सोडून या. काय चाललंय ते मी नीट सांगेन.