वॉचमनकाकांनी पोस्त घेतली नाही

पाडवा, रात्रीचे साडेअकरा वगैरे.

सगळ्यांनी घेतली. पेपरवाल्याने घेतली, कचरा न्यायला येतात त्या मावशींनी घेतली, पोस्टमनने घेतली आणि वर "साहेब दिसत नाहीत" म्हणाला, मी म्हणलं नाहीत. फक्त वॉचमनकाकांनी नाही. पाकीट पुढे केलं तर हात मागे घेत म्हणाले, "राहूदे ताई, यंदा तुमच्याकडं सण नाय." झालं, एवढंच. आता यात रात्रीपर्यंत डोक्यात धरून बसण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाहीये.

रीत मलाही माहितीये. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं तिथे कंदील नाही, फराळाची कढई चढत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. आणतायत की. वसुबारसेपासून बेल वाजतीये. पातळ पोह्यांचा चिवडा, भाजक्या पोह्यांचा चिवडा, मक्याचा चिवडा, आणि कुणीतरी एक बिनतेलाचा दिलाय तो तसाच पडलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर अनारसे दिले, या वयात. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गुळात कालवून पीठ मुरत ठेवा आणि इतकं करून तो तुपात सोडल्यावर हसला तर गेलंच सगळं. त्यांचा एकही हसला नव्हता, "जाळी बघ कशी पडलीये" म्हणून दारातच डबा उघडून दाखवला. मी घेतला. सगळ्यांचं घेतलं, अगदी बिनलाजेपणाने, शंकरपाळे तर टीव्हीसमोर बसून एका रात्रीत संपवले. कोणी काही दिलं तर मला त्रास होत नाही हे यंदा नीटच कळलं.

मग कोणी नाही घेतलं तर का लागावं एवढं?

दया आली असेल का. किंवा वाटत असेल की आता यांचं कसं चालतं कोण जाणे, पगार एकटीचा, त्यात आईची औषधं. किंवा तसल्या घरातले पैसे नकोत असंही... नाही, तसा माणूस नाहीये तो, हे लिहायलाच नको होतं.

खरं सांगायचं तर यंदाच्या दिवाळीत मी हट्टाने एवढंच केलं होतं. आई दादाकडे गेलीये, त्यामुळे बाकी कशाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण पाकिटं म्हणजे बाबांचं खातं. धनत्रयोदशीच्या आधी बँकेत जाऊन कोऱ्या नोटा आणायच्या, जांभळी नाक्यावरून पाकिटं, त्यांवर गणपतीच छापलेला हवा, मग प्रत्येकाचं नाव स्वतः घालायचं, वॉचमनकाकांचे ५०१, सगळ्यात जास्त. मी पण सगळं तस्संच केलं. बँकेत कोऱ्या नोटा संपल्या होत्या तर ऑफिसमधल्या कॅशियरच्या मागे लागून मिळवल्या. आणि हे म्हणतात राहूदे. म्हणजे मला एक दिवस तरी देणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं, तेही...

जाऊदे.

बरं, हे पहिल्यांदा नाहीये. नरकचतुर्दशीला पहाटेपासून राममारुती रोडला नेहमीची जत्रा होती, कुर्ते, नऊवाऱ्या, ढोल, निम्मं ठाणं तलावपाळीकडे चाललेलं, आणि आमच्या खिडकीखाली मात्र चिडीचूप, दरवर्षी पाच वाजता सुतळी बॉम्बने उठवणारी बिल्डिंगमधली पोरं यंदा गायब. दूध आणायला उतरले तर सगळी मागच्या गेटला. म्हणलं काय रे, इकडे का? तर एक जण म्हणाला वॉचमनकाकांनी सांगितलंय, ताईंच्या खिडकीखाली नाही वाजवायचे. मला कोणी विचारलं का? मला हवे होते फटाके! कारीट नाही, उटणं नाही, निदान धूर तरी. आता असं कोणाला जाऊन सांगणार, सगळे इतकं चांगलं वागतायत की भांडायलाही जागा नाही.

मघाशी कचरा टाकायला खाली गेले तेव्हा परत पाकीट घेऊन गेले, सोबत अनारसे, म्हणलं निदान घरी मुलांसाठी घ्या. अनारसे घेतले, "काकूंनी मलापण दिलेत" म्हणाले तरी घेतले. पाकिटाला परत नाही. मग माझं तोंड बघून असेल, म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन्ही एकदम घेतो ना, सोडतोय होय मी?" आणि मला हसू आलं, या चार दिवसांत पहिल्यांदा जरा मोठ्याने.

वर येताना लिफ्टपाशी ती नोटीस दिसली. रिडेव्हलपमेंटची, घरं रिकामी करायची तारीख घातलेली. पुढच्या दिवाळीला इथे नुसता खड्डा असणार, आम्ही भाड्याने कुठेतरी कोलशेतला नाहीतर कळव्याला, आणि वॉचमनकाका कुठे ते त्यांनाही माहीत नसेल. आणि ती नोटीस बोर्डावर टाचण्या मारून त्यांनीच लावलीये, माझ्यासमोर! म्हणजे चक्क गंडवलं मला. किंवा नाहीही, येतीलही शोधत, व्याजासकट मागतील, बाबांशी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरून महिनाभर वाद घातलेला माणूस आहे तो, हिशेबाला पक्का.

बाकी आता खरा प्रश्न डब्यांचा आहे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो आणि आमच्याकडे तर गोडाधोडाचं काही करायचं नाहीये, म्हणजे प्रत्येकात वाटी वाटी साखर घालणे आले, आणि कोणतं झाकण कोणाचं हे आधीच विसरलेय. उद्या भाऊबीज, वंदना स्टँडवरून सकाळची पुण्याची एसटी पकडायचीये, दादाला तो बिनतेलाचा चिवडा नेते, बघू ओळखतो का. पाकीट सध्या मायक्रोवेव्हवर ठेवलंय. शिफ्टिंगच्या खोक्यांत ते हरवणारच, तेव्हा नोटा काढून घ्याव्यात असा विचार चाललाय, वरचा रुपया तरी, कंडक्टर सुट्ट्यांवरून फार कटकट करतात.