आजोबांचा ‘कॉम्पूर’ घेऊन ड्रेस्डेनला

आमच्या घरी आजोबांच्या घडीच्या कॅमेऱ्याला ‘कॉम्पूर’ म्हणतात, कारण भिंगाभोवतीच्या कड्यावर तेच नाव ठळक आहे. तो पिशवीत टाकून जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलो आणि क्रम उलटा लावला. शनिवारी एल्बे नदीकाठी अल्बर्ट पुलापाशी भरणारा जुना बाजार आधी, तंत्रसंग्रहालय नंतर. तुम्ही शुक्रवारीच संग्रहालय बघून घ्या.

बाजारात एका कॅमेऱ्याच्या भिंगावर ‘टेसार’ वाचलं, भुललो आणि घेऊन टाकला. रात्री खोलीत अंधार करून भात्यात (भिंग आणि बॉडी यांना जोडणाऱ्या घड्यांच्या भागात) मोबाइलची बॅटरी धरली, तर घड्यांच्या कोपऱ्यांतल्या छिद्रांतून चांदणं! फोकसचं कडंही जुन्या ग्रीसने चिकटलेलं. बॅटरी बाजारातच न्यायची असते, आणि कडं फिरवल्याशिवाय पाकीट काढायचं नसतं.

रविवारी ट्रामने पोहलांडप्लात्झला उतरलो (4 किंवा 10 नंबर). समोरच एर्नेमान या जुन्या कॅमेरा कारखान्याचा 48 मीटर उंच मनोरा दिसतो. त्या इमारतीत आता ‘टेक्निशे झामलुंगेन’ हे तंत्रसंग्रहालय आहे, सोमवारी बंद. पूर्व जर्मनीच्या पेंटाकॉन या कॅमेरा कंपनीचं बोधचिन्ह आठवतंय? तो हाच मनोरा.

कपाटांपुढे उभं राहिल्यावर माझा घोळ उलगडला. कॉम्पूर हे शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत जाईल ते ठरवणारी झडप, म्युनिकच्या डेकेल कंपनीची. टेसार हे भिंग, येनाच्या झाइस कंपनीचं. त्याची रचना 1902 सालची. हे दोन्ही कितीतरी कंपन्या विकत घेऊन आपापल्या कॅमेऱ्यांत बसवत. त्यामुळे भिंगावरचा क्रमांक भिंगाचं वय सांगतो, कॅमेऱ्याचं नाही. 1926 मध्ये एर्नेमान, इका, ग्योर्त्स आणि काँटेसा-नेटेल एकत्र येऊन झाइस इकॉन झाली. तिचे कॅमेरे ओळखायचे तर बॉडीच्या चामड्यावर दाबलेला आकडा शोधा. आमच्याकडे झिजलेला 520/2 निघाला, म्हणजे इकोंटा. तिरप्या रेघेनंतर 2 असेल तर फोटोची चौकट 6×9 सेंटिमीटरची, 16 असेल तर 6×6 ची. सुपर इकोंटाचे आकडे 530 पासून. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचेच पूर्व आणि पश्चिम जर्मनीत दोन तुकडे झाले. भिंगावर ‘झाइस-ऑप्टॉन’ दिसलं की ते पश्चिमेकडचं. लाल ‘T’ म्हणजे भिंगावर परावर्तन कमी करणारा लेप.

वापरणार असाल तर 120 ची रोल फिल्म अजून मिळते. 6×9 मध्ये आठ फोटो निघतात. फिल्म भरलेली असताना पुढचं झाकण झटक्यात उघडू नका, भात्यात हवा ओढली जाऊन फिल्म पुढे येते. कॉम्पूरचा सगळ्यात वरचा वेग लावायचा असेल तर शटरचा खटका ताणायच्या आधी.

संध्याकाळी बाबांना फोन करून म्हटलं, “आपला कॅमेरा इकोंटा आहे.”

“असेल,” बाबा म्हणाले, “पण त्याच्यावर कॉम्पूर लिहिलंय ना?”